राजीनाम्याच्या मागं माणसं किती?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)

मंत्रिमंडळात राजीनामे पडायला लागले की आपल्या वस्तीतल्या टपरीवर मटक्याच्या आकड्यासारखी चर्चा सुरू होते. ओपन आला, आता क्लोज कधी येतो? एक गेला, दोन गेले, तिसऱ्यानं गाडी परत केली म्हणे. मुख्यमंत्री राहतो का जातो, पंतप्रधान टिकतो का पडतो! रात्रभर आकडेमोड. सकाळी सरकार पडलेलं असतं, आणि आपण नेहमीच्या नळावर नेहमीच्या रांगेत उभे असतो.

आज मला ह्या आकडेमोडीबद्दलच बोलायचं आहे. आकडे मोजू नका असं मी म्हणणार नाही. उलट मोजाच. पण काय मोजायचं ते आधी ठरवा. राजीनाम्याच्या कागदावर दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, त्यात कारण काय लिहिलंय. दुसरी, त्या कागदाच्या मागं माणसं किती उभी आहेत. ह्या देशाचा अनुभव असा, की ज्या कागदावर कारण असतं त्याच्या मागं माणसं नसतात, आणि ज्याच्या मागं माणसं असतात त्यावर धड कारण नसतं. पहिल्या जातीचा राजीनामा आपल्या बापानं दिला. दुसऱ्या जातीच्या राजीनाम्यांनी सरकारं पडली. हे दोन्ही समजून घेतल्याशिवाय ह्या खेळात आपण कायम बघेच राहणार.

आधी यंत्र कसं चालतं ते बघू. घटनेचं ७५ वं कलम सांगतं की मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्यानं होते आणि सगळं मंत्रिमंडळ मिळून लोकसभेला जबाबदार असतं. म्हणजे एक मंत्री गेला तर सरकारचं काही बिघडत नाही. त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते, बंगल्यावरची पाटी बदलते, संपलं. पंतप्रधान गेला तर मात्र सगळी चूल विझते. तेव्हा मंत्र्याच्या राजीनाम्याला स्वतःचं वजन नसतं. त्याच्या पाठोपाठ लोकसभेतली किती डोकी उठून जातील, तेवढंच त्याचं वजन. पंतप्रधानाला कारणाची भीती नाही. त्याला भीती डोक्यांची.

आता दाखला घेऊ १९७९ चा. मोरारजी देसाईंचं जनता सरकार. मी तेव्हा दहावीत होतो. चाळीच्या वाचनालयात एकच पेपर यायचा आणि त्याच्या चार पानांवर चार टोळकी बसायची. पहिलं पान मिळायला तासभर थांबावं लागे. त्या जुलैत मी तासभर थांबून जे वाचलं त्याचा अर्थ लागायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

गोष्ट मागून सुरू करतो. आणीबाणीत सरकारचा तो ठराव लोकसभेत मांडला होता जगजीवनराम ह्यांनीच. १९७५ च्या जुलैत. आणि २ फेब्रुवारी १९७७ ला, निवडणूक तोंडावर असताना, त्यांनीच इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. बरोबर हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी. नवा पक्ष काढला, काँग्रेस फॉर डेमॉक्रसी. तोवर इंदिराबाई जिंकणार असं धरून चालणाऱ्यांच्या पायाखालची वाळू त्या दिवशी सरकली. ह्या राजीनाम्याला वजन होतं. उत्तर हिंदुस्थानातली दलित मतं काँग्रेसची मिरासदारी आहे असं सगळे मानून चालले होते, आणि त्या मिरासीचा मुनीमच उठून गेला होता. मार्चमध्ये काँग्रेस १५४ जागांवर आली. खुद्द इंदिराबाई रायबरेलीत राजनारायणांकडून पडल्या.

मग पंतप्रधान कोण? तीन म्हातारे दारात उभे. मोरारजी ८१ वर्षांचे, चरणसिंग ७४ चे, जगजीवनराम ६८ चे. खासदारांचं मतदान घेऊन निवड करता आली असती. ती घेतली नाही. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी ह्या दोन वडीलधाऱ्यांवर सोपवली. दवाखान्यात पडलेल्या चरणसिंगांनी तिथून पत्र धाडलं, की आपला पाठिंबा मोरारजींना. का? जगजीवनराम नकोत म्हणून. २४ मार्चला मोरारजींचा शपथविधी झाला. जगजीवनराम सुरुवातीला गेलेच नाहीत. थोड्या दिवसांनी समजूत निघाली आणि ते संरक्षणमंत्री झाले.

इथं थांबा आणि नीट बघा. ज्याच्या राजीनाम्यानं वारं फिरलं, त्याला त्या वाऱ्यातला वाटा मिळाला दुसऱ्याच्या पंक्तीत बसून. मी जगजीवनरामांचा भक्त नाही. बाबासाहेब काँग्रेसशी झुंजत होते तेव्हा हा माणूस काँग्रेसच्या ताटात जेवत होता, हे मी विसरलेलो नाही. पण माणूस आपल्याला आवडो न आवडो, त्याच्याशी व्यवस्था कशी वागली हे बघायलाच पाहिजे. कारण ती त्याच्याशी जगजीवनराम म्हणून वागत नव्हती.

सरकार आलं. मे महिन्यात, २७ तारखेला, बिहारमधल्या बेलछीत ११ माणसं मारून आगीत टाकली. त्यातली ८ दलित होती. सरकारतर्फे आधी सांगण्यात आलं, की ह्यात जातीचं काही नाही, टोळ्यांची मारामारी आहे. रामविलास पासवानांसारख्या तरुण खासदारांनी ते खोडून काढलं. गृहखातं चरणसिंगांकडं होतं. मला एवढंच विचारायचंय : बेलछीवरून ह्या मंत्रिमंडळातला कुणी राजीनामा दिला का? एकानंही नाही. मानापमानावरून, खात्यांवरून, पुत्रांवरून, अध्यक्षपदावरून कागद फडफडत होते. बेलछीच्या नावानं एकसुद्धा कागद निघाला नाही.

आणि कागद निघाले ते कशावरून? १९७८ च्या जूनमध्ये चरणसिंग जाहीरपणे अशा अर्थाचं बोलले, की इंदिराबाईंना अटक करता येत नाही म्हणून लोक ह्या सरकारला नामर्दांचं म्हणतात. मोरारजींनी त्यांचा आणि आरोग्यमंत्री राजनारायणांचा राजीनामा मागून घेतला. आता हाच बिनखात्याचा माणूस काय करतो बघा. तो लेख लिहीत बसत नाही. २३ डिसेंबर १९७८ ला, आपल्या वाढदिवशी, दिल्लीच्या बोट क्लबवर शेतकऱ्यांचा अफाट मेळावा भरवतो. जाट शेतकरी, ट्रॅक्टर, ट्रक, माणसंच माणसं. महिन्याभरात, २४ जानेवारी १९७९ ला, तोच माणूस उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री होऊन परत येतो. समतोल राखायला जगजीवनरामांनाही उपपंतप्रधान केलं जातं. म्हणजे बोट क्लबवर एकाची किंमत वसूल झाली, आणि दुसऱ्याला त्यातली चिल्लर मिळाली.

शिकायचं असेल तर इथं शिका. राजीनामा दिल्यावर जो घरी बसतो तो संपतो. राजीनामा दिल्यावर जो रस्त्यावर माणसं आणतो त्याच्या घरी मोटार पाठवावी लागते.

राजनारायणांना मात्र परत घेतलं नव्हतं. त्यांनी १९७९ च्या जूनमध्ये पक्ष सोडला आणि वेगळी चूल मांडली, जनता पक्ष सेक्युलर. जनसंघाच्या लोकांनी जनता पक्षातही राहायचं आणि संघातही राहायचं, हे दुहेरी सदस्यत्व चालणार नाही, हा मुद्दा पुढं केला. मुद्दा खरा होता. तो खरा होता म्हणूनच तर वापरता आला. पण १९७७ साली पंक्तीला बसताना ह्यातल्या किती जणांना त्याची आठवण झाली होती?

जुलै उजाडला. ११ तारखेला लोकसभेत अविश्वासाचा ठराव आला. मांडला कुणी? आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते, आणि त्यांची काँग्रेस इंदिराबाईंची नव्हे, दुसरी. सुरुवातीला कुणी फार मनावर घेतलं नाही. पण रोज थोडेथोडे खासदार सरकारी बाकांवरून उठून जायला लागले. १२ जुलैला जॉर्ज फर्नांडिसांनी सभागृहात सरकारची बाजू जोरात मांडली. आणि दोन-तीन दिवसांत त्याच सरकारचा राजीनामा दिला! बहुगुणाही गेले. पंतप्रधानाच्या घरात दिवसरात्र बैठका. कुणाला कुठलं खातं दिलं म्हणजे थांबेल, कुणाच्या घरी कोण गेलं म्हणजे वळेल. भिंतीला ओल आली की रंगाच्या डब्यानं भागत नाही, तसं झालं. १५ जुलैला, मतदानाची वेळ यायच्या आधीच, मोरारजींनी राष्ट्रपतींकडं राजीनामा दिला.

माझ्या हिशेबानं खरी गोष्ट इथून पुढं आहे.

मोरारजींनी पंतप्रधानपद सोडलं, पण पक्षाच्या संसदीय नेत्याची जागा सोडली नाही. ती सोडली असती तर तिथं जगजीवनराम बसणार होते. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांना विचारलं. त्यांना जमलं नाही. मग मोरारजी आणि चरणसिंग दोघांनी आपापल्या खासदारांच्या याद्या दिल्या. राष्ट्रपतींनी चरणसिंगांना बोलावलं. २८ जुलैला ते पंतप्रधान झाले, आणि अविश्वासाचा ठराव मांडणारे यशवंतराव झाले उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. पाठिंबा कुणाचा? इंदिरा काँग्रेसचा. ज्या बाईंना अटक झालीच पाहिजे म्हणून वर्षापूर्वी खुर्ची गेली होती, त्याच बाईंच्या टेकूवर आता खुर्ची आली. टेकू किती दिवस टिकला? २० ऑगस्टला, लोकसभेला तोंड दाखवायच्या दिवशीच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. विशेष न्यायालयांतले खटले मागं घ्यावेत म्हणून आपल्याला दाबलं जात होतं, असं त्यांनीच सांगितलं. लोकसभेपुढं एकदाही न गेलेला हा देशाचा एकमेव पंतप्रधान.

आता जनता पक्षाचे नेते होते जगजीवनराम. मोरारजी उशिरा का होईना बाजूला झाले होते. जगजीवनराम म्हणत होते, मला बोलवा, मी बहुमत दाखवतो. राष्ट्रपतींनी त्यांना संधी दिली नाही. चरणसिंगांचा सल्ला मानला आणि २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. लोकसभेला कधी तोंड न दाखवलेल्या पंतप्रधानाच्या सल्ल्यावर लोकसभा मोडली! ह्यावर तेव्हाही वाद झाला, घटनेचे जाणकार दोन्ही बाजूंनी भांडले. मला वकिली करायची नाही. मला एवढंच दिसतं. १९७७ साली एकदा, १९७९ च्या जुलैत दुसऱ्यांदा, ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा खुर्ची रिकामी झाली. एकाला दवाखान्यातून पत्र पाठवून अडवता आलं, दुसऱ्याला जागा अडवून बसता आलं, तिसऱ्याला सभागृहच मोडता आलं. ब्राह्मण मोरारजी आणि जाट चरणसिंग ह्यांचं एकमेकांशी कशावरच जमत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांची कृती जुळली.

१९८० च्या जानेवारीत निवडणूक झाली. जगजीवनरामांना पुढं करून लढलेला जनता पक्ष ३१ जागांवर आला. इंदिरा काँग्रेसला ३५३ मिळाल्या. सरकार पाडणाऱ्यांनी जिला पाडायचं म्हणून पक्ष काढला होता, तिलाच खांद्यावर बसवून परत आणलं.

कुणी म्हणेल, ही दिल्लीची गोष्ट झाली, आमचं काय? आमचंही तेच, वर्षभर आधी. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचं दोन काँग्रेसांचं सरकार मुंबईत बसलं होतं. अधिवेशन चालू असताना शरद पवार बाहेर पडले. बरोबर सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके वगैरे मंत्री आणि सुमारे ४० आमदार. दादा गेले. १८ जुलैला ३७ वर्षांचे पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. आणि नऊ दिवसांनी, २७ जुलैला, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला.

तेव्हा सरकार बदलून काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. नऊ दिवसांत ठराव झाला ना! पण पुढं काय झालं? मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, विहिरी नासवल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत मारलं. ठराव करायला नऊ दिवस, आणि विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागायला १४ जानेवारी १९९४. साडेपंधरा वर्षं! मधल्या काळात लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. वर राजीनाम्यांनी सरकार बदललं ते आठवड्यात. खाली गावातलं सरकार, पाटलाचं, सावकाराचं, तालुक्याचं, ते कुणाच्या राजीनाम्यानं बदलत नाही.

आता पहिल्या जातीच्या राजीनाम्याकडं येऊ. कारण असलेल्या.

८ ऑक्टोबर १९५०. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल ह्यांनी पंतप्रधान लियाकत अली खानांना राजीनामा पाठवला. हे तेच मंडल, ज्यांनी १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणायला जिवाचं रान केलं. पूर्व बंगालात त्यांच्या नमोशूद्र बांधवांवर झालेले अत्याचार, जळालेली गावं, पोलिसांनी काय केलं, दिलेली वचनं कशी मोडली, हे सगळं त्या पत्रात कलमवार आहे. लांबच लांब पत्र. सरकार हललं का? तसूभर नाही. मंडल कोलकात्याला आले आणि निर्वासितांत काम करत १९६८ साली वारले.

२७ सप्टेंबर १९५१. बाबासाहेबांनी नेहरूंना राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला लोकांच्या प्रतिनिधींपुढं निवेदन करायचं होतं. उपसभापती म्हणाले, आधी प्रत दाखवा. ज्यानं घटना लिहिली त्याच्या तोंडावर ही झडती! बाबासाहेब सभागृहातून उठून निघून गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. ते वाचा. कारणांची मोजदाद आहे त्यात. नियोजनाचं खातं देण्याचं सांगून दिलं नाही, मंत्रिमंडळाच्या समित्यांवर घेतलं नाही. अनुसूचित जातींवर जुलूम चालू आहे आणि सरकार ढिम्म. काश्मीर, परराष्ट्र धोरण : ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नातले १८० कोटी लष्करावर जातात, हे त्यांनी आकड्यानिशी मांडलं. आणि हिंदू कोड बिल, जे चार कलमांवर आणून मारून टाकलं. बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा कायदामंत्री ह्या देशात पुन्हा झाला का, तुम्हीच सांगा.

नेहरूंचं सरकार हललं का? नाही. कारणं डोंगराएवढी होती, मागं डोकी नव्हती. काही महिन्यांत निवडणूक झाली. उत्तर मुंबईत बाबासाहेबांना काजरोळकरांकडून पाडलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे लोकसभेत आले सगळे मिळून २. दोन! हा आकडा डोक्यात कोरून ठेवा. बोट क्लबच्या माणसाला मोटार पाठवली गेली आणि घटनाकाराला पाठवली गेली नाही, ह्याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

म्हणून काय त्यांचा राजीनामा वाया गेला? मुळीच नाही. चरणसिंगांच्या, जॉर्जच्या राजीनाम्यात काय होतं ते आज कुणाला पाठ आहे? बाबासाहेबांचं निवेदन आज वाचा, जसंच्या तसं लागू पडतं. हिंदू विवाह कायदा १९५५ ला आणि वारसा कायदा १९५६ ला करावाच लागला, तुकडे करून का होईना. पण कागद टिकला म्हणून आपण समाधानानं डोळे मिटून बसायचं का? कागद टिकवणं हे त्यांचं काम होतं, त्यांनी केलं. त्याच्या मागं माणसं उभी करणं हे आपलं काम होतं.

आज खेळ जरा बदललाय. १९८५ साली पक्षांतरबंदी आली, दहावं परिशिष्ट. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ मध्ये तीही सवलत काढली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवली. झालं काय? आता आमदार बाक बदलत नाहीत, आमदारकीचाच राजीनामा देतात. २०१९ मध्ये कर्नाटकात असंच झालं. कुमारस्वामींचं सरकार २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडलं. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याकडं एकनाथ शिंदे आमदार घेऊन गेले. उद्धव ठाकरेंनी २९ तारखेला, बहुमताच्या चाचणीच्या आदल्या रात्री, राजीनामा दिला. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की चाचणी घ्यायला लावणं राज्यपालांचं चुकलं, पण तुम्ही मतदानाला न जाता आपणहून गेलात, आता परत बसवता येत नाही. मोरारजीही मतदानाआधीच गेले होते. लढाईच्या आदल्या रात्री तळ हलवला की निकालात तुमची बाजू लिहिली जात नाही.

आणि साहेबाच्या देशातही तेच. बोरिस जॉन्सनकडं ८० चं बहुमत होतं. ६ जून २०२२ ला पक्षातलं मतदान त्यांनी २११ विरुद्ध १४८ नं जिंकलं. ५ जुलैला अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद ह्यांनी राजीनामे टाकले. दोन दिवसांत ५० च्या वर मंत्री-उपमंत्री गेले, आणि ७ जुलैला जॉन्सननं जातो म्हणून सांगितलं. पत्रांतून सचोटीची भाषा होती. पण सचोटी त्या आठवड्यात जन्माला आली होती का? टाळेबंदीतल्या पार्टीबद्दल दंड झाला तेव्हा जॉन्सनबरोबर सुनकही दंड भरून आले होते. तेच सुनक २५ ऑक्टोबरला पंतप्रधान झाले.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी राजीनामे पडायला लागले की तीन प्रश्न विचारा. पत्रात कारण काय? मागं डोकी किती? आणि सहा महिन्यांनी हा माणूस कुठल्या खुर्चीवर दिसतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की पहिल्याचं खरं उत्तर सापडतं.

आणि एक प्रश्न आपल्या घरातला. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. १९५२ च्या त्या दोनपेक्षा बेचाळीस पट. लोकसभेत सरकार हलवायला ८४ पुष्कळ झाले. पण बेलछीसारखी गोष्ट घडली म्हणून ह्या ८४ जणांनी एका दिवशी आपापले राजीनामे टेबलावर ठेवले असं कधी ऐकलंत? नाही ऐकलं. कारण ते निवडून येतात सगळ्यांच्या मतांवर आणि तिकीट असतं पक्षाचं. १९३२ साली येरवड्यात स्वतंत्र मतदारसंघ हातातून गेले, त्याची किंमत ही. डोकी आहेत, पण ती आपल्या कागदामागं उभी राहायला मोकळी नाहीत. त्यांच्यावर व्हिप आहे, आपला धाक नाही.

धाक कसा बसवायचा? सोपं उत्तर माझ्याकडं नाही, पण सुरुवात सांगतो. आपल्या भागातला राखीव जागेवरचा आमदार, खासदार, नगरसेवक कोण, त्याची एक वही करा. अत्याचाराच्या प्रश्नावर तो बोलला का, शिष्यवृत्तीच्या पैशावर बोलला का, कुठल्या बाजूनं हात वर केला, तारखेनिशी लिहा. तो मत मागायला वस्तीत येईल तेव्हा ती वही चावडीवर वाचा. त्याच्यासमोर वाचा. एक वस्ती करेल तर तो हसेल. शंभर वस्त्या करतील तर पंतप्रधानाच्या घरातली बैठक त्याला बोलावल्याशिवाय सुरू होणार नाही.

आणि आजच्या आज एक काम. १० ऑक्टोबरचं ते निवेदन आपल्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत वाचलंय? हात वर करू नका, मला मोजायचं नाही. पुढच्या रविवारी इथंच बसून मोठ्यानं वाचू. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी अडवून प्रश्न विचारायचे. ज्यांना मराठी वाचायला अडचण आहे त्या आयाबहिणींनाही घेऊन या, हिंदू कोडाचा भाग त्यांच्यासाठीच होता.

जय भीम.